एक उथळ खळगा

बाई : आधी बस. बसलीस? आता डोळे मीट आणि समज, की तू एक दार आहेस.

क्रांती : बाई, मला दार नाही व्हायचं. मला दार लावायचंय. हे लागत का नाही?

बाई : तेच तर सांगतेय. समज, तू सागवानी दार आहेस. उन्हाळाभर कोरडी, सडसडीत. नुसती फुंकर मारली तरी चौकटीत जाऊन बसतेस. मग मिरग लागतो. हवेतलं पाणी तू गुपचूप प्यायला लागतेस. आषाढात अंग धरतेस आणि श्रावणात चौकटीत मावेनाशी होतेस. आज श्रावणातली पौर्णिमा. आता तुला कोणी खांदा लावून ढकललं, तर लागशील?

क्रांती : नाही. पण मग थोडा रंधा मारायचा ना. बाबांना सांगितलं असतंत तर त्यांनी एका मिनिटात...

बाई : सांगितलं होतं. असाच श्रावण होता. रघू आला, दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि मला, म्हणजे ज्या बाईने त्याला अ आ इ ई शिकवली तिला, पहिलीतल्या पोराला समजावतात तसं समजावलं. म्हणाला, आत्ता रंधलं तर दिवाळीत बोटभर फट पडेल, आणि फटीतून विंचू आले की तुम्ही मलाच बोल लावाल. दसऱ्यापर्यंत अडू दे. चहा प्याला आणि रंधा पिशवीतून बाहेरसुद्धा न काढता गेला. तेव्हापासून पावसाळाभर माझं दार उघडं असतं. तेव्हा माझ्या पलंगाखाली चादरीत गुंडाळून तू जे काही सरकवलं आहेस, ते उघड्या दारीच राहणार.

क्रांती : मी काही सरकवलेलं नाही.

बाई : बाळ, ते नऊ फूट लांब आहे आणि माझी चादर सहा फुटांची.

क्रांती : किती दिसतंय?

बाई : पातं अख्खं बाहेर आहे. शिवाय घरभर व्हार्निशचा वास सुटलाय. अगं, परत उभी राहिलीस?

क्रांती : मला बसवत नाहीये. किती वाजले?

बाई : साडेदहा. भरती साडेबाराची. तोवर येरझाऱ्या घालून तू माझी ओटी शंभर वेळा मोजशील. आईला ठाऊक आहे, तू इथे आहेस?

क्रांती : आई जेट्टीवर आहे. शेजारच्या आवडाबाईंबरोबर नारळाला सोनेरी कागद लावतेय. तिला वाटतंय मी वल्हं घेऊन येतेय. सगळ्यांनाच वाटतंय. मंडळाने बाबांचा एवढा मोठा फोटो लावलाय, हार घातलाय, आणि खाली लिहिलंय, 'आमचा पहिला हात, कै. रघुनाथ'. पहिला हात म्हणजे काय, बाई?

बाई : होडीत सहा वल्हेकरी. सुकाणू धरणाऱ्याच्या पुढ्यात जो बसतो, तो पहिला. बाकीचे पाच त्याच्या पाठीकडे बघत ओढतात. त्याचं वल्हं पाण्याला लागलं की त्यांचं लागतं. तुझा बाप अकरा वर्षं त्या जागेवर होता.

क्रांती : मी एकदाही बघितलं नाही.

बाई : तू तीन वर्षांची होतीस तेव्हा तो थळच्या त्या बंगल्याच्या वाशांवरून पडला. उजवा खांदा गेला. रंधा मारण्यापुरता परत आला, वल्हं मारण्यापुरता नाही आला. बरं, ते राहू दे. मला एक सांग. मंडळाचा रिवाज काय आहे?

क्रांती : तुम्हाला माहीत आहे की.

बाई : मला माहीत आहे. तू सांग. बोललं की पाय थांबतात.

क्रांती : ज्याने दहा वर्षं होडी ओढली, तो वारला की पहिल्या नारळी पौर्णिमेला त्याची जागा रिकामी सोडायची. जागेवर त्याचं वल्हं बांधायचं. पाच जणांनीच शर्यत ओढायची, हरलो तरी चालेल. आणि वल्हं नसेल तर जागा भरायची.

बाई : भरायची म्हणजे कोणी बसायचं?

क्रांती : रितेशदादाने. तो न्हावा शेव्याहून तीन दिवसांची रजा टाकून आलाय. सकाळपासून दंडाला तेल लावून बसलाय. सगळ्यांना सांगतोय, मला कोणाची जागा नकोय, पण पाच जणांनी ओढून आपण पलीकडच्या आळीला जिंकून देणार आहोत का.

बाई : म्हणजे साडेबारापर्यंत वल्हं गेलं नाही, तर रघूच्या जागेवर रितेश बसणार. आणि वल्हं माझ्या पलंगाखाली. आता सांग, काय केलंस?

क्रांती : तुम्ही ओरडाल.

बाई : पस्तीस वर्षं ओरडले. आता निवृत्त आहे.

क्रांती : मी ते घासलं.

बाई : बरं.

क्रांती : बरं नाही, बाई. ऐका ना. बाबांच्या तेराव्याला मंडळाच्या रंगूकाकाने ते आणून आमच्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या खुंटीवर टांगलं. इतकी वर्षं ते मंडळाच्या शेडमध्येच होतं, मी कधी हातात घेतलं नव्हतं. काका म्हणाला, हे रघूचं वल्हं, पौर्णिमेपर्यंत घरात राहू दे. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून मुठीला हात लावला, तर तिथे खळगे होते. बोटांचे. लाकूड झिजून झालेले. मी माझी बोटं त्यांत ठेवली. म्हणजे माझी बोटं लहान, पण बसली.

बाई : मग?

क्रांती : मग रोज ठेवायला लागले. शाळेतून आलं की आधी कारखान्यात. दप्तर नंतर. आईलाही नाही सांगितलं. तीन खळगे खोल होते आणि एक उथळ. मला ते पाठ झाले होते. अंधारातही सापडायचे.

बाई : उथळ कुठला होता? करंगळीचा?

क्रांती : नाही, वरचा. अंगठ्याशेजारचा.

बाई : हं.

क्रांती : हं काय?

बाई : काही नाही. पुढे सांग.

क्रांती : परवा वल्हं उतरवलं. ते काळं पडलं होतं, मासळीचा वास येत होता. मला वाटलं, एवढी माणसं येणार, फोटो एवढा चकचकीत आणि वल्हं असं. म्हणून बाबांच्या पेटीतला पॉलिश पेपर घेतला. आधी पातं घासलं. आतलं लाकूड इतकं छान निघालं, बाई, मधासारखं. मग दांडा घासला. घासत घासत वर आले आणि हात थांबलाच नाही. पेपर फिरत होता, भुसा उडत होता, मी गाणं म्हणत होते. आणि मग बोटं ठेवायला गेले तर...

बाई : तर?

क्रांती : तर काहीच नव्हतं. गुळगुळीत. मी पुसून टाकलं, बाई. बाबांचं तेवढंच उरलं होतं आणि मी ते भुसा करून केरात टाकलं. मग घाबरून वरून व्हार्निश मारलं, दोन हात, म्हणजे कोणाला कळणार नाही. ते अजून वाळलं पण नाहीये. रंगूकाका मुठीला हात लावणार आणि त्याला कळणार. सगळ्यांना कळणार.

बाई : ये इकडे. बसू नकोस, उभीच राहा, पण इकडे ये. तुझ्या बापाची एक गोष्ट सांगू?

क्रांती : आता?

बाई : आता. चौथीत होता. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर. गणिताचा तास लागला की बाकाखालून आवाज यायचा. धप्. मग थांबायचा. मग धप्. टाच. मी त्याला उभं केलं, तर उभ्याने सुरू. कोपऱ्यात पाठवलं, तर कोपऱ्यातून. मी विचारलं, हे काय चाललंय रघू? तर म्हणाला, बाई, आजोबा होडी वल्हवताना असं करतात, मला कळतच नाही पाय कधी सुरू होतो. गणितात शंभरपैकी अकरा. पण एकदा मी सहज विचारलं, हा फळा केवढा असेल रे? तो जागेवरून उठला नाही. हवेत वीत धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, अकरा वीत चार बोटं. मी मधल्या सुट्टीत त्यालाच मोजायला लावला.

क्रांती : बरोबर निघालं?

बाई : पाच बोटं निघाली. म्हणाला, फळा पावसाळ्यात फुगतो बाई, उन्हाळ्यात मोजला होता मनात. खोटारडा. हसलीस. चला, तेवढं झालं.

क्रांती : आमच्याकडे पदक आहे ते ठाऊक आहे तुम्हाला? मुंबईचं?

बाई : ते न ठाऊक असायला काय झालं. मीच चिठ्ठी लिहून दिली होती त्याच्या पहिल्या मालकाला, चार दिवस सोडा म्हणून. तिथे त्या हलक्या, एका माणसाच्या होड्या. बसला की डोलायच्या. पहिल्या दिवशी दोनदा पाण्यात पडला. तिसऱ्या दिवशी राज्यात तिसरा आला. परत आल्यावर गावाने विचारलं, पदक कुठे? तर त्याने पदकाला दोरा बांधून ओळंबा केला होता. दाराची चौकट सरळ आहे का बघायला.

क्रांती : हलकं होतं म्हणून मागे नट लावलाय. वाऱ्याने हलायचं. ते पेटीत आहे अजून. पण ते पदक आहे बाई, तो हात नाही.

बाई : नाही. ते खरं.

क्रांती : तुम्ही दुसरं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पदक आहे ना, मग झालं, असं.

बाई : बोलले असते, तर तू ऐकलं असतंस?

क्रांती : नाही. बाई, कोण येतंय? रंगूकाका. बाई, सांगू नका. मी इथे नाही म्हणा. दार लावा ना.

बाई : ते लागत नाही, क्रांती.

रंगू : बाई, हायत का घरात? आत येऊ का? अरे, ही तर हितंच हाय. पोरी, तुला सगळी आळी शोधतेय. कारखान्यात गेलो तं खुंटी रिकामी. तुझी आई म्हनते वल्हं घेऊन तू येतेस, तू तं कुठं दिसंनास, आनि रितेश जागेवर बसून पाय पान्यात सोडून बसलाय. म्हनतो, रंगूकाका, वल्हं न्हाय तं जागा भरा. मी म्हनलो, उठ आधी. तं उठला, पन लांब न्हाय गेला.

बाई : रंगू, दम घे. पाणी पी.

रंगू : पानी नंतर. बाई, अकरा वाजत आले. बांधायच्या आधी पन काम हाय. नारळ सोडला की आमी पाची जनांनी एकेक हात मारायचा त्या वल्ह्यानं, मंग ते जागेवर बांधायचं. रिवाजच हाय तसा. तुझ्या बापानं सोताच्या काकासाठी केलंय, मी बाजूला होतो.

क्रांती : हात मारायचा? म्हणजे मूठ धरून?

रंगू : मंग काय शेपटी धरून? पोरी, ते पलंगाखाली काय हाय?

बाई : सांग, क्रांती. मी नाही सांगणार. तुझं आहे, तू सांग.

क्रांती : काका, मी वल्हं घासलं. पॉलिश पेपरने. मुठीवरचे बाबांचे खळगे गेले. सगळे. मला नव्हते घालवायचे. वरून व्हार्निश मारलंय आणि ते चिकट आहे. रितेशदादाला बसवा. मी जेट्टीवर येणार नाही. आईला सांगा मला ताप आलाय.

बाई : रंगू, आधी ते वल्हं बघ.

रंगू : काढ ते बाहेर. हळू, पातं आपटंल. हं. व्हार्निश? मुठीला? आगं बाय माझे, चिकटला की हात. अशानं नारळाबरोबर मानूस पन पान्यात जायचा.

क्रांती : तुम्ही हसताय?

रंगू : न्हाय गो. बाई, हिला म्हाईत न्हाय का?

बाई : मला आत्ताच कळलं, तिला माहीत नाही ते. ती मघाशी सांगत होती, तीन खळगे खोल आणि एक उथळ. अंगठ्याशेजारचा.

रंगू : आस्सं.

क्रांती : काय? काय माहीत नाही?

रंगू : हे बघ. हा माझा उजवा हात. मोज बोटं.

क्रांती : मला माहीत आहे तुमचं बोट. मशिनीच्या दोरात सापडून अर्धं गेलंय, पहिलं. आता त्याचं काय...

रंगू : अर्ध्या बोटानं लाकूड कितीसं झिजंल?

क्रांती : पण बाबांची बोटं पूर्ण होती.

रंगू : व्हय. पूर्न होती.

क्रांती : मग ते खळगे...

रंगू : आठ वरसं झाली, पोरी. रघूचा खांदा गेला तवा त्याची जागा मला दिली मंडळानं; आज तेवडी ती त्याच्यासाठी सोडून मी रितेशच्या जागी बसनार. माझं वल्हं त्या जागेला आखूड पडायला लागलं. मंग रघूनं हे दिलं. सरावाला हेच, शर्यतीला हेच. ती बोटं माझी हायत.

क्रांती : मी सहा महिने रोज कोणाचा हात धरत होते मग?

रंगू : माझा.

बाई : क्रांती, बस थोडी.

क्रांती : नको. तुम्ही सांगितलं का नाही, काका? तुम्ही आलात ना त्या दिवशी, आईला डबा द्यायला. मी स्टुलावर होते. तुम्ही बघितलंत मला.

रंगू : बघितलं. दारातच उभा व्हतो. तू डोळे मिटून मूठ धरलेली. तोंडावर असं काही व्हतं तुझ्या, की मी डबा पायरीवर ठेवला आनि माघारी फिरलो. काय सांगू? हे तुझ्या बापाचं न्हाय, ह्या थोट्याचं हाय, असं? दुसऱ्या दिवशी सांगू म्हनलं. मंग तिसऱ्या. मंग शिमगा आला, पाडवा आला. सांगायची गोष्ट शिळी झाली की घशातच राहते. चूक माझी हाय.

क्रांती : मग बाबांचे कुठे गेले? अकरा वर्षं ओढलं ना त्यांनी? त्यांचे पण पडले असतील.

रंगू : पडलेले. माझ्याहून खोल.

क्रांती : तुम्ही घालवलेत?

रंगू : मी? माझी काय टाप व्हती. ऐक. बाई, आता पानी द्या. ज्या दिवशी त्यानं हे मला दिलं, त्या दिवशी मी कारखान्यात गेलो. हात गळ्यात बांधलेला, प्लास्टर. डाव्या हातानं वल्हं उचलून मला दिलं. मी मूठ धरली, तं त्याच्या खळग्यात माझी बोटं बसनात. माझं एक अर्धं. मी म्हनलो, र्‍हाऊ दे रघू, बसंल हळूहळू. तो म्हनला, आन इकडं. खिडकीची फुटकी काच पडलेली, तिचा तुकडा घेतला डाव्या हातात, वल्हं गुडघ्यात धरलं आनि वडायला लागला. सर्र, सर्र. अकरा वरसांचा सोताचा हात. मी म्हनलो, आरं काय करतूस, निशानी हाय ती. थांबला न्हाय. म्हनला, दुसऱ्याच्या खळग्यात हात बसवलास तं आठ दिवसांत फोड येतील. आपला खळगा आपन पाडायचा. भुसा फुंकला, उंडीचं तेल चोळलं आनि माझ्या हातात दिलं. मंग म्हनला, बाहेर जा आता, रंगू. मी गेलो. त्यो दिवसभर बाहेर न्हाय आला.

बाई : हे मलाही नव्हतं माहीत.

रंगू : कोनालाच न्हाय. आज सांगतोय.

क्रांती : म्हणजे बाबांनी पण घासलं.

रंगू : त्यानं काचेनं घासलं, तू कागदानं. फरक येवडाच की त्याला अक्कल व्हती. मुठीला व्हार्निश न्हाय लावलं त्यानं.

बाई : रंगू.

रंगू : आता बापाची पोर हाय तं बापाच्या कामावर बोलनारच की मी. हे व्हार्निश काढायला लागंल, बाई. ह्यावर पाच जनांनी हात ठेवला तं पाची जनं चिकटून बसतील. तुमच्याकं सुरी हाय का?

क्रांती : सुरीने नाही काढायचं. सुरी लाकडात घुसते. काच लागते.

रंगू : मंग काच बघ.

बाई : मागच्या पडवीत कंदिलाची फुटलेली काच आहे, डब्यात. पण बोट कापून घेशील. फडकं गुंडाळून धर. क्रांती, धावू नकोस. हिला धावू नको म्हणणं म्हणजे ओहोटीला थांब म्हणणं.

रंगू : बाई, मी चुकलो काय?

बाई : चुकलास. मीही चुकले असते. गप्प बस आता, आली ती.

क्रांती : ही वाकडी आहे, पण हीच चांगली, मूठ पण गोल आहे ना. काका, पातं धरा. हलवू नका. काच ढकलायची नसते, आपल्याकडे ओढायची. एक ओढ घ्यायची, मग भुसा झटकायचा, मग दुसरी. नाहीतर काच तापते आणि लाकूड जळकं दिसतं.

बाई : हे कोणी शिकवलं?

क्रांती : कोणी नाही. म्हणजे बाबांनी. शिकवलं नाही, मी बाजूला बसायचे.

(काच ओढल्याचा आवाज. थोडं थांबणं. परत आवाज.)

रंगू : बाई. ऐकताय?

बाई : ऐकतेय.

क्रांती : काय झालं? चुकतंय?

रंगू : थांबू नको. चालू ठेव. हीच हाय ती, बाई. एक लांब, मंग दम. एक लांब, मंग दम. आठ वरसं झाली, होडीत ही चाल न्हाय ऐकली मी. रितेश शिट्टी वाजवतो पुढं बसून, फुर्र फुर्र. शिट्टीवर हात चालतो, पाठ न्हाय चालत.

क्रांती : कुठली चाल? मी तर काच ओढतेय.

बाई : तुझा पाय बघ, क्रांती.

क्रांती : माझा? अय्या. हा कधी सुरू झाला?

बाई : मला विचारू नकोस. मी यासाठी एकाला चौथीत वर्षभर कोपऱ्यात उभं केलंय.

क्रांती : बाबा जेट्टीवर असं करायचे. शर्यतीला. मी त्यांचं बोट धरून उभी असायचे आणि खालची फळी हलायची. धप्. मग धप्. मला वाटायचं, त्यांना टेन्शन येतंय. मी म्हणायचे, बाबा, नका ना, मला गुदगुल्या होतात पायाला.

रंगू : टेन्शन? आगं, तो आमाला चाल देत व्हता. आमी पान्यात, त्यो जेट्टीवर, मधी सगळी खाडी. आमाला कुठं ऐकू येनार. त्याला म्हाईत व्हतं ऐकू येनार न्हाय. तरी द्यायचा.

क्रांती : होडीत असताना पण टाचेनेच द्यायचे?

रंगू : टाचेनंच. अनवानी. फळीवर मारली की ती सगळ्या होडीतनं जायची, शेवटच्या मानसाच्या बुडाखालनं. कान लागतच न्हायत तिला.

बाई : म्हणून तर तो चपला इथे काढायचा. अकरा वर्षं. शर्यतीच्या सकाळी माझ्या पायरीवर चपला ठेवायच्या आणि सांगायचं, बाई, परत येईपर्यंत हलवू नका. एकदा मी केर काढताना सरकवल्या. त्या वर्षी ते हरले आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. शिकल्यासवरल्या बाईने असलं मानू नये, पण पुढच्या वर्षीपासून मी पायरी झाडायची सोडली त्या दिवशी.

क्रांती : झालं. काका, हात फिरवून बघा. चिकट आहे?

रंगू : न्हाय. कोरडं. कसं, मधासारखं दिसतंय. आता तेल. बाई, खोबरेल चालंल. थोडंसंच. हं, पुरे. पोरी, किती वाजले?

बाई : पावणेबारा.

रंगू : चला मंग. नारळ सोडू, हात मारू, सुतळीनं बांधू, आनि पाच जनं वडू. हरलो तं हरलो. रितेशला मी सांगतो.

क्रांती : काका, जागा रिकामी म्हणजे तिथे कोणी वल्हं मारायचं नाही, बरोबर?

रंगू : बरोबर.

क्रांती : आणि टाच?

रंगू : टाच काय?

क्रांती : टाच कोणी मारायची? रिवाजात टाचेचं काही आहे का?

रंगू : टाचेचं रिवाजात कसं असंल. ती काय वल्हं हाय बांधून ठेवायला. रितेशची शिट्टी हाय की.

क्रांती : रितेशदादा तर आज होडीत नाही. तो जेट्टीवर राहणार. मग शिट्टी कोण वाजवणार?

रंगू : बाई, हिला गप्प करा.

बाई : ती बरोबर विचारतेय, रंगू. आणि मी निवृत्त आहे.

रंगू : पोरी, आधीच एक हात कमी. त्यात तुझं वजन. पलीकडच्या आळीची होडी नवीन हाय, फायबरची.

क्रांती : तीस किलो. शाळेत आत्ताच केलंय वजन. जागेवर नाही बसणार मी. जागेच्या खाली, फळीवर बसेन, वल्ह्याच्या बाजूला. वल्ह्याला हातही लावणार नाही.

रंगू : तुझी आई काय म्हनंल?

क्रांती : आईला पोहता येतं, मला पण येतं.

रंगू : ते उत्तर न्हाय.

क्रांती : मग तिलाच विचारू जेट्टीवर. तिने नको म्हटलं तर नाही बसणार. पण तुम्ही आधीच नाही म्हणू नका.

रंगू : आनि मधीच थांबलीस, घाबरलीस, लाट आली, तं आमचे पाची जनांचे हात एकमेकांत अडकतील. रघू कधी थांबला न्हाय. पाऊस व्हता, वल्हं मोडलं एकदा आमच्यातल्या पाटलाचं, तरी न्हाय थांबला.

क्रांती : काका, मी मघाशी काच ओढताना थांबले होते?

रंगू : न्हाय.

क्रांती : मला माहीतच नव्हतं पाय चालू आहे. मग थांबेन कशी?

बाई : रंगू, वल्हं उचल. भरती कोणासाठी थांबत नाही.

रंगू : बगू तुझी आई काय म्हनते ते. पातं तू धर, मूठ मी धरतो. न्हाय, असं नको. मूठ तू धर, पातं मला दे. उंबरा जपून. आनि पोरी, एक ध्यानात ठेव. चपला घालून होडीत कोनी टाच मारत न्हाय.

क्रांती : थांबा, एक मिनिट धरा. बाई, या इथे पायरीवर ठेवते. परत येईपर्यंत हलवू नका.